जंगलावरचा प्रबंध गावात मांडल्याशिवाय पदवी देऊ नये: तुमचं मत काय?

बांधावरून

मी भद्रावती तालुक्यातला. आमचं शेत ताडोबाच्या पश्चिम हद्दीला लागून आहे. माझं म्हणणं सरळ आहे. जंगल, वन्यप्राणी, चराई, गौण वनोपज यांवर एमएस्सी किंवा पीएचडी करणाऱ्याने आपले निष्कर्ष, ज्या गावांच्या शिवारात काम केलं तिथल्या ग्रामसभेत, तिथल्या बोलीत मांडले पाहिजेत. ते झाल्याशिवाय विद्यापीठाने प्रबंध स्वीकारू नये.

असं का वाटतं ते सांगतो. तेव्हा पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत असलेल्या मिलिंद वाटवे यांच्या गटाने आमच्याच पट्ट्यात पिकांचं नुकसान मोजलं आणि २०१६ मध्ये ‘प्लॉस वन’ या विज्ञानाच्या नियतकालिकात छापलं. चार वेगवेगळ्या पद्धतींनी मोजूनही उत्तर एकाच दिशेने आलं: जंगलाला लागून असलेल्या शेतात निम्म्याहून जास्त पीक जातं, आणि जंगलापासून लांब जावं तसं नुकसान कमी होत जातं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, भरपाईसाठी नजरेने जो अंदाज काढतात त्याचा खऱ्या नुकसानीशी मेळच नाही, आणि तो फार कमी भरतो.

आम्हाला हे जागलीवर बसून बसून माहीत होतं. डुकरांनी लोळवलेलं धान कुणालाही दिसतं. पण रोह्याने (नीलगायीने) तुरीची फुलं आणि हरभऱ्याचे घाटे वरच्यावर खाल्ले, तर झाड उभंच राहतं. पंचनाम्याला आलेला माणूस हिरवं शेत बघतो आणि किरकोळ आकडा टाकतो. आपण भांडलो की म्हणतात, शेतकरी वाढवूनच सांगतो. आम्ही वाढवून सांगत नव्हतो याचा पुरावा छापून आला होता, कुणालाही फुकट वाचता येत होता, आणि आमच्या आसपासच्या गावांत तो कुणाच्या हातात नव्हता. दोष त्या गटाचा नाही, त्यांनी शेतकऱ्यांना सोबत घेऊनच काम केलं. पण निष्कर्ष गावोगावी पोचवणं हे संशोधनाच्या नियमातच नसेल, तर ते ज्याच्या त्याच्या चांगुलपणावर राहतं.

रानफुटी

पूर्ण असहमत. मी सातपुड्यात पीएचडी करतेय, आठ पायांच्या कोळ्यांवर. ‘गावाला काय उपयोग’ हा प्रश्न मला रोज विचारला जातो आणि मी तो टाळत नाही. पण तुमचा नियम आला तर तीन गोष्टी बिघडतील.

पहिली, वेळ. अभयारण्यात शिरायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. ती येईपर्यंत कितीदा तरी पावसाळा हातचा जातो, आणि कोळी काही पुढच्या महिन्यात या म्हटल्यावर थांबत नाहीत. शिष्यवृत्तीची मुदत मात्र ठरलेली असते. त्यात आणखी एक दाखला वाढवू नका.

दुसरी, जागांची माहिती. कुठल्या नाल्यात वाघीण पिल्लं घेऊन बसते हे चारचौघांत सांगायची गोष्ट नाही. २०१३ मध्ये मध्य प्रदेशातल्या पन्नाच्या एका वाघाच्या गळ्यातल्या कॉलरची (वाघ कुठे आहे ते कळवणाऱ्या पट्ट्याची) माहिती ज्या ई-मेलवर येत होती, तो परक्याने उघडायचा प्रयत्न झाला होता.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची, आणि तीवर कुणी बोलत नाही. निष्कर्ष गावाच्या विरुद्ध गेला तर? समजा एखाद्या मुलीने मोजून दाखवलं की अमुक कुरणात गवत संपतंय ते गावच्याच गुरांमुळे. किंवा मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला पेटवतात आणि तीच आग पुढे जंगलात जाते. जिच्या पदवीची किल्ली त्याच ग्रामसभेकडे आहे, ती हे किती स्पष्ट लिहील? ती गावातच खोली घेऊन राहते, गावातल्याच घरी जेवते. तिच्यावर कुणी दबाव आणायचीही गरज नाही, ती आपणच शब्द मऊ करेल. वनखात्याच्या मर्जीवर संशोधन अवलंबून असतं याची आपण तक्रार करतो. मग तीच मर्जी दुसऱ्याच्या हाती देऊन काय साधणार?

सागवान

वनखात्यातून निवृत्त झालोय, चंद्रपूर आणि गडचिरोलीत नोकरी झाली. परवानगी देताना प्रबंधाची प्रत आमच्याकडे द्या अशी अट आम्ही घालायचो. प्रती यायच्या आणि कपाटात जायच्या. कार्य आयोजना, म्हणजे जंगलात पुढे काय कामं करायची त्याचा आराखडा, लिहायला बसलेल्या अधिकाऱ्याने त्या उघडल्याचं मी क्वचितच पाहिलं. त्यामुळे ‘खात्याला दिलं म्हणजे पोचलं’ असं कुणी म्हणू नये.

रानफुटी ताई, तुमचा तिसरा मुद्दा मात्र खरा आहे. मी उत्तर शोधतोय.

शिवनेरीचा

जुन्नरकडून लिहितो. आमच्याकडे २००१ ते २००३ दरम्यान पिंजरे लावून बिबटे पकडायचे आणि लांबच्या जंगलात नेऊन सोडायचे हा सपाटा चालला होता. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसांवरचे हल्ले आधी वर्षाला सरासरी ४ होते, ते या काळात १७ वर गेले. म्हणजे आपण सुटका समजत होतो त्यानेच हल्ले वाढले. पुढे नगरकडच्या अकोले तालुक्यात त्यांनी कॅमेरे लावून दाखवलं की हे बिबटे वाट चुकून आलेले नाहीत, उसात राहणारेच आहेत, आणि त्यांच्या पोटात मुख्यतः कुत्री आणि पाळीव जनावरं जातात.

आता विचार करा, पिंजऱ्याची मागणी कोण करतं? आम्हीच. बिबट्या नुसता दिसला तरी लोक रस्त्यावर बसतात, पुढारी येतात, पिंजरा लागतो. माझ्या भावकीत लहान पोर गेलंय, त्यामुळे त्या रागाला मी नावं ठेवणार नाही. पण जो निर्णय गावाच्या दबावाखाली होतो, त्यावरचं संशोधन गावाला ठाऊक नसेल तर अधिकाऱ्याने वाचूनही फायदा नाही. मूळ प्रस्तावाला माझा पाठिंबा.

प्रयोगवही

विद्यापीठात शिकवतो. नियम केला तर काय होईल ते मला आत्ताच दिसतंय: सरपंचाची सही, गावचा शिक्का, बॅनरसमोर एक फोटो, आणि प्रबंधाला जोडलेलं आणखी एक परिशिष्ट. भाषा विषयाच्या सक्तीचं, हजेरीचं, सगळ्याचं हेच झालं.

शिवाय गाव कुठलं धरायचं? टिपेश्वरचा टी१सी१ वाघ घ्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याला कॉलर लावली. तो यवतमाळमधून तेलंगणात गेला, परत महाराष्ट्रात आला आणि डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. एकूण चाल ३००० किलोमीटरच्या वर. शेतं, नाले, रस्ते ओलांडत किती गावांच्या शिवारातून गेला असेल! त्या अभ्यासाने वाघांच्या ये-जा करायच्या वाटांबद्दल जे शिकवलं ते एखाद्या ग्रामसभेचं नाही, सगळ्या विदर्भाचं आहे. तात्काळ उपयोग हा एकच निकष लावला तर असं काम विद्यार्थी हाती घेणार नाहीत. सगळे नुकसानभरपाईच मोजत बसतील.

इंद्रावती

धानोरा तालुका, गडचिरोली. आमच्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्क आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलाचं व्यवस्थापन करायचा अधिकार ग्रामसभेला दिला. मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरवर हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे पास ग्रामसभेच्या हाती आले. त्या गावात त्याच्या कितीतरी आधीपासून अभ्यास गट चालतात. गावचे लोक आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसतात, आणि ग्रामसभेत निर्णय सर्वसहमतीने होतो. तेव्हा ‘निष्कर्ष गावोगावी पोचवणं’ ही जी भाषा वर आलीय ती मला पटत नाही. जंगल कसं राखायचं हे ठरवणारे आता आम्हीही आहोत. निष्कर्ष आम्हाला हवेत ते कुतूहलापोटी नाही, यंदा कुठला बांबू तोडायचा हे ठरवायला.

आणि विचारणं शेवटी नको, सुरुवातीला हवं. उत्तराखंडातल्या कॉर्बेटच्या जंगलाबद्दल केंब्रिजच्या संशोधकांनी २०२४ मध्ये लिहिलं ते वाचा. प्राण्यांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांत सरपण-गवताला गेलेल्या बायका टिपल्या गेल्या, एकीचा नको तो फोटो गावात फिरला. बायका वाघ लांब राहावा म्हणून मोठ्याने बोलत, गाणी म्हणत जायच्या, त्या कॅमेऱ्याच्या भीतीने गप्प झाल्या. म्हणजे जीवाला धोका वाढला. कॅमेरा कुठल्या वाटेवर लावू नये हे आमच्या बायकांना विचारलं तर पाच मिनिटांत सांगतील.

रानफुटी, गावाच्या विरुद्ध निष्कर्ष निघाला तर सांगा, आम्ही ऐकू. तेंदूचंच बघा, म्हणजे बिडीच्या पानाचं. हंगामाआधी झुडपं छाटतात, काही ठिकाणी आगही लावतात, पान चांगलं फुटतं म्हणून. नुसत्या छाटणीने तेवढंच पान येतं का, आगीने चारोळीची आणि मोहाची रोपं किती मरतात, यावर आमच्याच सभेत दोन तट आहेत. कुणी मोजून दिलं तर वाद मिटेल.

बांधावरून

रानफुटी, मी ग्रामसभेची *मंजुरी* कुठेही मागितलेली नाही. मांडणी मागितली आहे. सभेला निष्कर्ष आवडो न आवडो, पदवी अडायची नाही. सभेत कोण काय म्हणालं ते प्रबंधाच्या शेवटी जसंच्या तसं छापावं, विरोधासकट. तुमच्या परीक्षकालाही त्यातून काही कळेल. वाघिणीची जागा सांगू नका, ती छापील शोधनिबंधातही अचूक देत नाहीत. आणि इंद्रावती ताई म्हणतात तसं आधी विचारणंही यात जोडतो.

प्रयोगवही सर, फोटो काढून काम भागवणारे निघतील हे मान्य. म्हणून मार्गदर्शकाने स्वतः त्या सभेला हजर राहावं, एवढी एक अट घाला. शिक्क्याचा खेळ बराच थांबेल.

प्रयोगवही

माझ्याकडे आज सहा विद्यार्थी आहेत, चार जिल्ह्यांत. त्यांना अभ्यासाच्या जागी भेटायला जायचा प्रवासखर्चही विद्यापीठ देत नाही. सभेला यायला मी तयार आहे. पण ही अट घालणाऱ्यांनी आधी त्या पैशाची मागणी करावी, नाहीतर मार्गदर्शक दूरच्या जंगलातले विषय देणंच बंद करतील. त्याचा पहिला फटका गडचिरोलीला बसेल.

रानफुटी

सक्तीला माझा विरोध कायम आहे. ‘मंजुरी नाही, फक्त मांडणी’ हे कागदावर ठीक, पण सभेत उभं राहिल्यावर हा फरक कुणी पाळत नाही. मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय.

इंद्रावती ताई, तुमचा तेंदूचा प्रश्न मात्र खरोखर करण्यासारखा आहे. त्यासाठी सारख्या झुडपांचे तुकडे आखावे लागतील: काहींत नुसती छाटणी, काहींत आग, काहींत काहीच नाही. एका हंगामाने उत्तर मिळणार नाही, किमान तीन लागतील, आणि तेवढी वर्षं त्या तुकड्यांत कुणी चुकूनही काडी लावता कामा नये. एमएस्सीच्या दोन वर्षांत हे बसत नाही. पीएचडीत बसेल. तुमच्या ग्रामसभेत तीन वर्षं ते तुकडे राखायचं ठरू शकतं का, तेवढं विचारून सांगा. माझ्या ओळखीत एक मुलगी विषय शोधतेय.