मेकॅनिकलची तीन सेमिस्टर झाल्यावर सिव्हिलला गेलं तर वर्ष जातं का?

अर्धा_मेकॅनिकल:
नमस्कार मंडळी. मेकॅनिकलची तीन सेमिस्टर झालीत, एकही बॅकलॉग नाही, पण गेले सहा महिने मन सिव्हिलकडे ओढतंय (थर्मोला, म्हणजे थर्मोडायनॅमिक्सला, कंटाळलोय हे खरंय, पण तेवढंच कारण नाही). दोन्ही सिलॅबस शेजारी शेजारी ठेवून बघितले तर मॅथ्स, फिजिक्स, केमिस्ट्री, इंजिनीअरिंग मेकॅनिक्स, ड्रॉइंग, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स सगळं सेमच दिसतं. मग हिशोब मांडला. एकूण क्रेडिट १६०, माझे झालेत ७२, त्यातले थर्मो आणि वर्कशॉप सोडले तरी ६० तिकडे चालावेत, राहिले १००, आणि हातात पाच सेमिस्टर. पाच विसे शंभर, जुळतंय की! तरी रूममेट म्हणतो एक वर्ष जाणारच, आणि का ते विचारलं तर नुसता हसतो. माझं कुठे चुकतंय?

प्लिंथवाला:
बेरीज बरोबर आहे रे, पण विषय सुट्टे नसतात ना, एकाच्या शेपटीला दुसरा बांधलेला असतो. स्ट्रेंथ झाल्याशिवाय स्ट्रक्चरल अॅनालिसिस नाही, अॅनालिसिस झाल्याशिवाय आरसीसी डिझाइन नाही. ही साखळी तुझी वाचली कारण स्ट्रेंथ झालाय. आता दुसरी बघ. जिऑलॉजी, मग सॉइल मेकॅनिक्स, मग फाउंडेशन, आणि बऱ्याच ठिकाणी फाउंडेशन पास असल्याशिवाय फायनल प्रोजेक्टला बसू देत नाहीत. सर्व्हे १ आणि सर्व्हे २ चंही तसंच. आता यातला कुठला विषय विषम सेमिस्टरला चालतो आणि कुठला सम, ते बघ. वर्षातून एकदाच चालणारा विषय हुकला की सरळ बारा महिने. कागदावर बाण काढून बघ, क्रेडिट विसर.

आणि सर्व्हेला हलकं घेऊ नको. आम्ही बेंचमार्कवरून (उंची आधीच माहीत असलेली खूण) लेव्हलिंग, म्हणजे उंची मोजणं, सुरू करून दिवसभर उन्हात स्टाफ (मोजायची उभी पट्टी) नाचवला, संध्याकाळी परत त्याच बेंचमार्कवर आलो तर रीडिंगमध्ये १ मीटरचा फरक! कोणीतरी मधे एका ठिकाणी २ च्या जागी ३ लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून.

बोल्टनट:
स्ट्रेंथ "सेमच" आहे हे वाचलं म्हणून लिहायला बसलो. नाव सेम, पण पेपर कोणाच्या डोक्यातून निघालाय ते बघ. ६ मीटरचा साधा टेकवलेला बीम घे, मीटरला १० किलोन्यूटन लोड, डब्ल्यू एल स्क्वेअर बाय ८, म्हणजे मधे ४५ किलोन्यूटन-मीटर मोमेंट (बीमला वाकवणारा जोर). इथपर्यंत दोघं भाऊ भाऊ. पुढे सिव्हिलवाला विचारतो की हा मधे किती वाकेल, खालच्या भिंतीला तडा जाईल का, आणि हाच लोड पन्नास वर्षं बसून राहिला तर क्रीपने (सततच्या लोडखाली हळूहळू वाकत जाणं) काँक्रीट अजून किती खाली येईल. आमच्याकडे मोमेंट येतो तो फिरत्या शाफ्टवर. शाफ्ट १५०० आरपीएमने फिरतोय म्हणजे त्याच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू मिनिटाला १५०० वेळा टेन्शनमधून कॉम्प्रेशनमध्ये आणि परत, साधारण अकरा तासांत दहा लाख सायकल पूर्ण. म्हणून आम्ही फटीग (पुन्हा पुन्हा लोड येऊन थकून तुटणं), टॉर्शन (पीळ), स्प्रिंग असलं घोटतो, आणि फिक्स्ड बीम (दोन्ही टोकं पक्की), कंटिन्युअस बीम (दोनपेक्षा जास्त टेकू) कधी वरवर तर कधी होतच नाही. तुझा स्ट्रेंथ कागदावर मान्य होईल, पण अॅनालिसिसच्या पहिल्या लेक्चरला डोळे पांढरे होतील. सुट्टीत डिफ्लेक्शनची (बीम किती वाकतो त्याची) प्रकरणं करून टाक.

फ्लुइड्सचं पण तेच बरं का. पाइपपर्यंत सगळे एकत्र, मग सिव्हिलवाले कालव्यात उतरतात मॅनिंगचं वाहत्या पाण्याचं सूत्र घेऊन आणि आपण टर्बाइन-कॉम्प्रेसरकडे.

थर्मोपीडित:
थर्मोला कंटाळून जातोयस? तिकडे हायड्रॉलॉजी (पाऊस-पुराचं शास्त्र) वाट बघतेय. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर म्हणजे दर वर्षी १ टक्का शक्यता, आणि ३० वर्षांत तो निदान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के. कुठेही जा, प्रोबॅबिलिटी पाठ सोडत नाही 😄

अर्धा_मेकॅनिकल:
@प्लिंथवाला दादा, बाण काढले. जिऑलॉजी विषमलाच आहे, तिसऱ्याला होऊन गेली. म्हणजे माझी पाचव्याला. सॉइलपण विषम, म्हणजे सातव्याला. फाउंडेशन आठव्याला. आणि फाउंडेशन नाही तोवर प्रोजेक्ट नाही, म्हणजे प्रोजेक्ट नवव्या-दहाव्याला. गेलं वर्ष. एका जिऑलॉजीपायी?

चॉकची_धूळ:
बरीच वर्षं शिकवतो आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

एक म्हणजे इक्विव्हॅलन्स (एकीकडे झालेला विषय दुसरीकडे मान्य होणं) विषयाच्या नावावर ठरत नाही. सिलॅबसची शिक्क्याची प्रत, तास किती, लॅब होती का, हे सगळं मागतात, तेव्हा जर्नल रद्दीत घालू नकोस. हा नुसता ऑफिसचा हट्ट नाही. पदवीला मान्यता देणाऱ्या संस्था आतलं बघतात. अमेरिकेतली एबेट सिव्हिलच्या विद्यार्थ्याला निदान चार उपशाखा यायला हव्यात म्हणते, स्ट्रक्चर, माती, पाणी, वाहतूक अशा, आणि मेकॅनिकलवाल्याला थर्मल आणि मेकॅनिकल दोन्ही सिस्टिम. १९८९ च्या वॉशिंग्टन अकॉर्डमुळे सभासद देश एकमेकांच्या अशा पदव्या मानतात. म्हणून स्ट्रक्चरची आवड आहे, मातीचं नको, असं चालत नाही.

दुसरं तुझ्या कामाचं. जिऑलॉजी आणि सॉइल एकाच सेमिस्टरला घ्यायची परवानगी माग. सॉइल मेकॅनिक्सला खरी गरज कशाची लागते? मोहर सर्कल, म्हणजे आतले ताण वर्तुळ काढून शोधायची पद्धत, तो तुझा स्ट्रेंथमध्ये झाला. झिरपणाऱ्या पाण्याचा दाब, त्याला फ्लुइड्स, तो चौथ्याला करशील. जिऑलॉजी उपयोगी पडते, पण ती बरोबरीने चालली तरी कोणी अडत नाही. हे असंच अर्जात लिही, मार्कशीट जोड. "माझं वर्ष वाया जाईल" असं लिहू नकोस, ते सगळेच लिहितात.

मिळाली परवानगी तर सॉइल पाचव्याला, फाउंडेशन सहाव्याला, प्रोजेक्ट वेळेवर. पाचव्यात मात्र जिऑलॉजी, सॉइल, सर्व्हे १, अॅनालिसिस २ आणि आठवड्याला तीन लॅब, जेवायला वेळ मिळणार नाही.

प्लिंथवाला:
सरांनी नेमकं सांगितलं. भर एवढीच की अर्जाचा निकाल लागेपर्यंत मेकॅनिकलच्या चौथ्या सेमिस्टरचं रजिस्ट्रेशन रद्द करू नकोस. आमच्या बॅचच्या एकाने आधीच रद्द केलं आणि सहा महिने ना इकडचा ना तिकडचा.

अर्धा_मेकॅनिकल:
सर, खूप आभार. अर्ज टाइप करतोय, मोहर सर्कलचा मुद्दा पहिलाच घेतलाय. रजिस्ट्रेशन तसंच ठेवलंय, म्हणजे तूर्तास थर्मो २ ला पण बसावं लागणार. रूममेट बरोबर होता हे त्याला सांगितलेलं नाही.