विषय: दिवाळी अंकाचा संगणक बसला – मदरबोर्ड कुठला घेऊ?

मीनल (मुक्काम पार्ले पूर्व)

नमस्कार मंडळी,

सुट्टीवर आले आणि दुसऱ्याच दिवशी बाबांचा डेस्कटॉप बसला. बाबांचा म्हणजे आपल्या सगळ्यांचाच, कारण मंडळाचा दिवाळी अंक त्याच्यावर लागतो. बटण दाबलं की पंखा अर्धा फेरा घेतो आणि थांबतो. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या मुलाने झाकणसुद्धा नीट न उघडता सांगितलं, "मदरबोर्ड गेला ताई, याचे पार्ट येत नाहीत, नवीनच घ्या."

आत इंटेलचा आय५-४४६० प्रोसेसर आहे, एच८१ चिपसेटचा (बोर्डावरच्या मुख्य चिपचा) बोर्ड, ८ जीबी डीडीआर३ रॅम आणि विंडोज ७. अंकाची ३८ पानं लावून झाली आहेत. फायली पेनड्राइव्हवर आहेत, पण माझ्या लॅपटॉपवर उघडत नाहीत. बाबा बोलत नाहीत, नुसते येरझाऱ्या घालतात. काय घेऊ?

प्रसाद

मीनल, ४४६० वर पैसे घालू नकोस. २०१४ चा प्रोसेसर आहे तो. एच६१० बोर्ड, आय३-१२१०० आणि १६ जीबी रॅम घे, पुढची सात-आठ वर्षं बघायला नको. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' असेल तर घेऊ नकोस, त्याच्यात ग्राफिक्स नसतं आणि मॉनिटर काळाच राहील. एच६१० डीडीआर४ चा येतो तसा डीडीआर५ चाही येतो, रॅम त्याप्रमाणे. विंडोज ११ टाक. विंडोज १० चा पाठिंबासुद्धा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तुम्ही अजून ७ वर!

वृंदा

मी ऑगस्टमध्ये मुंबईला जातेय. इथून बोर्ड आणू का? की तिकडच्या २३० व्होल्टवर जळेल?

श्रीकांतकाका

वृंदा, जळणार नाही. बोर्डाला २३० व्होल्ट कधी दिसतच नाहीत, त्याला एसएमपीएसकडून, म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्याकडून, १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा डीसी मिळतो. पण वॉरंटीचं काय करशील? बिघडला तर परत विमानात घालायचा? राहू दे.

मीनल, अगं आधी बोर्ड गेलाय हे ठरवलं कुणी? १९९४ पासून बरीच वर्षं मी लॅमिंग्टन रोडवर हेच केलं. 'बोर्ड गेला' म्हणून आलेल्या मशीनमध्ये बोर्ड दर वेळी गेलेला नसायचा. वायर काढून रॅम उपस, तिच्या सोनेरी पट्टीवर खोडरबर फिरव आणि पुन्हा बसव. मग शेजाऱ्यांचा एसएमपीएस लावून बघ. चोवीस पिनांच्या प्लगमधली हिरवी आणि काळी वायर जोडून पंखा फिरवून दाखवतात, त्याने अर्धंच कळतं. लोड आल्यावर एसएमपीएस बसत असेल तर त्या चाचणीत दिसणार नाही.

बोर्डाची मागची बाजूही बघ. बाबांचं टेबल खिडकीशी आहे, मी पाहिलंय. जुलैची झड आत येते, त्यात ती खारी हवा. हिरवट डाग दिसले तर दुकानातला मुलगा चुकून बरोबर निघाला.

प्रसाद, तू सांगितलेला संच उत्तम आहे, फक्त दुसऱ्या कुणासाठी. मीनल, मशीनच्या मागे गुलाबीसर, लांबट पोर्टात अंगठ्याएवढं काही खोचलेलं आहे का? असेल तर ते काढून हरवू नकोस. फॉन्टच्या जुन्या सॉफ्टवेअरचं लॉक आहे ते. ते मिळालं नाही तर कीबोर्ड मराठी उमटवणार नाही. फायली लॅपटॉपवर का उघडत नाहीत तेही त्यातच आलं. पेजमेकरच्या (पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या) त्या फायलींत अक्षरं युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर दिसणारी, नाहीत. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले आहेत, फॉन्ट नसला की नुसता कचरा दिसतो.

आणि ते लॉक त्या गुलाबी, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या पॅरलल पोर्टाचं असेल तर सगळं गणित फिरतं. एच६१० च्या बहुतेक बोर्डांवर तो पोर्ट नाही. यूएसबीला लावायची जी वायर मिळते ती प्रिंटरपुरती, लॉक तिच्यातून ओळखलं जात नाही. शिवाय विंडोज ७ ला इंटेलचे सहाव्या पिढीनंतरचे प्रोसेसर, म्हणजे प्रसादचा आय३सुद्धा, मानवत नाहीत. म्हणजे नवं मशीन वेगवान येईल, पण अंक लागणार नाही.

तेव्हा बोर्ड एच८१ नाहीतर बी८५ चिपसेटचाच, सॉकेट (प्रोसेसर बसायची जागा) ११५०. ११५१ आणि ११५५ ही भावंडं नावापुरती, प्रोसेसर बसणार नाही. बाजारात या चिपसेटचे कोरे बोर्डही दिसतील, पण मागची बाजू बघून घे, त्यातल्या बऱ्याच जणांनी पॅरलल पोर्ट उडवलाय. मला विचारशील तर मोठ्या कंपनीचा जुना, काढलेला बोर्ड बरा. दुकानात चालू करून दाखवायला सांग आणि बिलावर टेस्टिंग वॉरंटी लिहून घे. सॉकेटमधल्या पिना मोबाइलचा टॉर्च मारून तिरकं बघ, एक जरी वाकलेली दिसली तरी पुढच्या दुकानात. लॅमिंग्टन रोडला ग्रँट रोड स्टेशनहून चालत जा. टॅक्सीवाल्याला त्याचं नवं नाव, डॉ. भडकमकर मार्ग, सांगितलंस तर तो तुलाच पत्ता विचारेल.

मीनल

काका, लॉक आहे! गुलाबी पोर्टातच. बाबा म्हणाले, "त्याला हात लावायचा नाही."

रॅम पुसली, शेजारच्या काकूंच्या नातवाचा एसएमपीएस लावला, तेच. मग बोर्ड काढला, तर रॅमच्या खाचेमागे हिरवा थर. काढण्यापूर्वी वायरींचे फोटो काढले ते बरं झालं, पुढच्या बटणाच्या चार बारीक वायरी कुठे जातात हे कुणालाच आठवेना.

शनिवारी बाबांना घेऊन गेले. पहिल्या दोन दुकानांत नवीन मशीनच गळ्यात मारत होते. तिसऱ्यात बाबांनी सरळ विचारलं, "लांब पोर्टवाला एच८१ आहे?" तेव्हा त्या माणसाने मान वर करून पाहिलं आणि माळ्यावरून खोका काढला. पहिल्या बोर्डाच्या दोन पिना वाकलेल्या होत्या, तुमच्या टॉर्चमुळे दिसल्या. दुसरा घेतला.

घरी आणून जोडला आणि निळा पडदा! आता काय?

श्रीकांतकाका

घाबरू नकोस. बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) साटा मोड, म्हणजे डिस्क जोडायची पद्धत, बघ. एएचसीआय असेल तर आयडीई कर, आयडीई असेल तर एएचसीआय. जुन्या बोर्डावर होता तोच हवा, नाहीतर विंडोज आपलीच डिस्क ओळखत नाही. तिथेच पॅरलल पोर्ट चालू आहे का तेही बघ, पत्ता ३७८.

मीनल

आयडीई केलं, सुरू झालं. पॅरलल पोर्ट बंदच होता, तो चालू केला. विंडोजने ॲक्टिव्हेशन मागितलंय, ते बघू. इंटरनेटची वायर काढून ठेवली आहे, ७ ला २०२० पासून अपडेट नाहीत. लॉक सापडलं, मराठी उमटलं. टेबल खिडकीपासून चार फूट आत ओढलंय. त्यामुळे आता कपाटाचं एक दार उघडत नाही.

प्रसाद

बरं, हरलो. पण पुढच्या वर्षी अंक युनिकोडमध्ये नेऊ या, मी कन्व्हर्टर बघतो.

श्रीकांतकाका

बघ. जोडाक्षरं आणि रफार तुटतील, ते हाताने तपासायला बसशील ना?

मीनल

बाबांनी एकोणचाळिसावं पान लावायला घेतलंय. प्रसाद, तुझा लेख अजून आलेला नाही. युनिकोडमध्येच पाठव, बाबा तो नेहमीप्रमाणे पुन्हा टाइप करतील.