राजा मेल्याचं पत्र कायले? टीव्हीवर दिसतेच ना!

कापूसवाला: वरचं वाक्य पांदणरस्ता भाऊचं, कालच्या पोस्टमधलं; राजा मेला की त्याचा राजदूत दुसऱ्या सरकारले पत्रानं कळवते, त्यावरचं. रातभर डोक्यात घुमलं, म्हणून लांबलचक लिवतो. पत्र बातमीसाठी नसते बाप्पा! जुना गेला, नवा गादीवर बसला, अन् आपला व्यवहार होता तसाच राहीन, हे नव्यानं सांगा लागते. राजदूताले नेमल्याचं परिचयपत्रच मुळात राजाच्या नावाचं असते. ओमानचे सुलतान काबूस १० जानेवारी २०२० ले गेले, दुसऱ्या दिवशी हैथम बसले. १३ तारखेले आपल्याकडे शासकीय दुखवटा. याले नाटक म्हन्ता?

पांदणरस्ता: मंग राणी एलिझाबेथसाठी ११ सप्टेंबर २०२२ ले झेंडा अर्ध्यावर कायले? नागपूर गिळलं इंग्रजाईनं!

निवृत्त_मास्तर: नागपूरचंच घ्या. ११ डिसेंबर १८५३ ला नागपूरचे राजे तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले. राजघराण्यातल्या बाकाबाई दत्तकासाठी झगडत राहिल्या. इंग्रज गव्हर्नर जनरल डलहौसीनं १८५४ मध्ये राज्य खालसा केलं, वाड्यातले हत्तीघोडे लिलावात गेले. दोस्त म्हणवणाऱ्या इंग्रज सरकारला मरण कळवलं, तर दोस्तानं गादीच उचलली.

कापूसवाला: बरं, पत्रानं गादी वाचत नाही, मान्य. झालं समाधान?

झाडीपट्टीची_पोर: गादीचं सोडा. माह्या बाबाच्या चार एकरावर वारसनोंद व्हाले चौदा महिने लागले. मृत्यूच्या दाखल्यावर 'म्हादेव', सातबारावर 'महादेव'. फेरफार अडला, पीककर्ज अडलं, बियाणं उधारीवर.

पांदणरस्ता: भावानंच धावपळ केली असन ना? मंग बहिणीनं हक्कसोड द्यावं, भानगड मिटते.

झाडीपट्टीची_पोर: काऊन द्यावं? २००५ पासून पोरीचा हिस्सा पोराएवढाच हाये. पेरणीच्या दिवसात डोक्यावर खताची थैली मी वाहिली, भाऊ पुण्याले होता.

पांदणरस्ता: म्हणूनच माहेर तुटते. माह्या बहिणीनं राजीखुशीनं सही केली.

निवृत्त_मास्तर: राजीखुशीनं? की लुगडं-चोळी देऊन?

पांदणरस्ता: मास्तर, माह्या घरात शिरू नका!

कापूसवाला: अरे, धागा राजदूताचा हाये!

पांदणरस्ता: हो बाप्पा, पाठवा पत्र, दोन पाठवा. एक माह्या बहिणीले बी पाठवा, दोन दिवाळ्या झाल्या, आली नाही.

झाडीपट्टीची_पोर: सातबारावर नाव चढवा तिचं, मंग पाहा.

निवृत्त_मास्तर: पोरी, दाखल्यातलं नाव ग्रामपंचायतीतून दुरुस्त करून घेतलंस ना? पुढच्या फेरफाराला तोच अर्धा 'म' परत नडेल.