दारू सुटल्यानंतर पुढचे उपचार कोणते घ्यावेत?

धाकटी बहीण, राजारामपुरी

नमस्कार. माझा मोठा भाऊ कोल्हापूरच्या उद्यमनगरातील एका वर्कशॉपमध्ये टर्नर आहे. वयाची चाळिशी ओलांडली आहे आणि ऐन विशीपासून तो दारू पीत आला आहे. गेल्या महिन्यात त्याने स्वतःच्या मनाने एकाएकी दारू बंद केली आणि दुसऱ्याच दिवशी त्याला फिट आली. अंगाला दरदरून घाम सुटला होता आणि भिंतीवर किडे चालताहेत असे तो सांगत होता. रुग्णालयात दाखल केल्यावर तो सावरला व आता घरी आला आहे. पूर्वी मायक्रोमीटर धरताना त्याचा हात इतका थरथरत असे की माप घ्यायला तो शेजारच्या कामगाराला बोलवत असे. आता तोच हात स्थिर झाला आहे. त्यामुळे घरातील सर्वांना वाटते की दारू सुटली, विषय संपला. मला तसे वाटत नाही, कारण संध्याकाळी सात वाजले की त्याची घालमेल सुरू होते आणि ती मला स्पष्ट दिसते.

पुढच्या भेटीत डायसल्फिरॅम किंवा नाल्ट्रेक्झोन यांपैकी एक गोळी सुरू करू, असे डॉक्टर म्हणाले आहेत. मामांचा आग्रह आहे की त्याला लांबच्या केंद्रात सहा महिने ठेवावे. शेजारच्या काकूंनी जेवणातून नकळत द्यायची एक पूड आणून दिली आहे, ती मी अजून उघडलेली नाही. वहिनी म्हणतात, पंढरपूरला नेऊन माळ घालूया. भावाच्या एका मित्राने दारू सोडू पाहणाऱ्यांच्या सभांचा मार्ग सुचवला आहे. यांतील कोणता पर्याय कशासाठी असतो, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

समुपदेशक, शाहूपुरी

ताई, मी व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समुपदेशनाचे काम करते. तुमची शंका रास्त आहे. रुग्णालयात जे झाले ते शरीराला दारूविना राहण्याची सवय लावणे होते. फिट बहुधा पहिल्या दोन दिवसांत येते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम, ताप, गोंधळ अशी जिवावर बेतणारी अवस्था उद्भवू शकते. म्हणूनच क्लोरडायझेपॉक्साइडसारख्या गोळ्या पुरेशा मोठ्या मात्रेने सुरू करून ती मात्रा हळूहळू उतरवतात व थायमिन, म्हणजे बी१ जीवनसत्त्व, भरपूर देतात. वर्षानुवर्षे पिणाऱ्यांच्या शरीरात थायमिनचा साठा संपलेला असतो आणि ते वेळेवर मिळाले नाही तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. भावाला एकदा फिट आलेली आहे, तेव्हा पुढे कधी पिणे पुन्हा सुरू झालेच तर ते घरच्या घरी एकाएकी तोडू नका, थेट रुग्णालय गाठा. गरज पडल्यास १०८ ला फोन करा. घरातल्या प्रत्येकाला हे ठाऊक असायला हवे.

आता गोळ्यांविषयी. डायसल्फिरॅम ओढ कमी करत नाही. यकृतात दारूचे आधी ॲसिटाल्डिहाइड होते आणि मग ते पुढे विघटित होते. ही दुसरी पायरी ही गोळी अडवते. त्यावर कोणी दारू घेतली तर तोंड लालबुंद होते, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात, रक्तदाब कोसळतो, आणि हृदयविकार असलेल्या माणसाच्या बाबतीत प्रकरण मृत्यूपर्यंत जाऊ शकते. शेवटच्या घोटानंतर किमान १२ तास गेल्याशिवाय ती सुरू करता येत नाही, आणि बंद केल्यावरही जवळजवळ दोन आठवडे तिचा परिणाम टिकू शकतो. ज्याला स्वतःहून आपल्याभोवती कुंपण घालून घ्यायचे आहे, आणि ज्याच्या घरात रोज सकाळी कोणी तरी समोर बसून गोळी देते, अशा माणसाला ती चांगली लागू पडते. मात्र आपल्याकडे एक गोष्ट हमखास विसरली जाते: द्राक्षासव, दशमूलारिष्ट यांसारख्या आसव-अरिष्टांमध्ये आंबण्यातून तयार झालेले अल्कोहोल असते, आणि खोकल्याच्या काही औषधांतही ते असते. "आयुर्वेदिक आहे, काही होत नाही" म्हणून आजीने दिलेले दोन चमचे या गोळीवर त्रासदायक ठरू शकतात.

याच कारणाने ती पूड कृपया जेवणात घालू नका. तिच्यात काय आहे हे तुम्हाला, डॉक्टरांना आणि भावालाही ठाऊक नाही. अशा पुडीत डायसल्फिरॅमच असेल आणि ज्याला माहीत नाही त्याने बाहेर जाऊन दारू घेतली, तर घरच्यांनी प्रेमापोटी केलेल्या गोष्टीने त्याचा जीव जाऊ शकतो. शिवाय जो माणूस बरा व्हायच्या वाटेवर आहे त्याचा ताटावरचा विश्वास उडाला तर तो परत मिळवणे फार अवघड असते.

नाल्ट्रेक्झोन वेगळ्या तऱ्हेने काम करते. दारूमुळे मेंदूत जी सुखाची लहर उठते तीच ते मंदावते, त्यामुळे ओढ कमी होते आणि चुकून एक प्याला गेला तरी तो चारपर्यंत जाण्याची शक्यता घटते. प्रौढांसाठी साधारणपणे रोज ५० मिलिग्रॅमची गोळी असते. ती सुरू करण्याआधी यकृताची तपासणी करतात. ही गोळी चालू असताना अफूवर्गातील वेदनाशामके लागू पडत नाहीत, म्हणून अपघात किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टरांना ते सांगावेच लागते. यंत्रावर काम करणाऱ्या माणसाने तशी चिठ्ठी खिशात ठेवलेली बरी. अकॅम्प्रोसेट हा तिसरा पर्याय, तो दिवसातून तीनदा घ्यावा लागतो व मूत्रपिंडे ठीक असावी लागतात. यकृत फारच बिघडलेले असेल तर काही डॉक्टर बॅक्लोफेनचा विचार करतात. यांतले काहीही मेडिकलमधून परस्पर आणू नये.

करवीरकर

समुपदेशक ताईंचा आदर राखून मी मामांची बाजू मांडू इच्छितो. आमच्या नात्यातील एक जण गोळ्या घेऊनही पुन्हा पुन्हा घसरत होता, कारण त्याची सगळी उठबस रस्सामंडळातली, म्हणजे मटणाच्या जेवणावळी करणाऱ्या मित्रांमधली होती. आषाढात त्र्यंबोलीची यात्रा झाली की गल्लोगल्ली आखाडीची जेवणे उठतात, आणि तिथे "अरे, एवढ्यानं काय होतंय" असे म्हणणारा कोणी ना कोणी असतोच. तो काही महिने केंद्रात राहिला, तेव्हाच त्या वातावरणातून बाहेर पडला. म्हणून माझे मत असे की बाहेर ठेवण्याला पर्याय नाही, आणि माणूस तयार नसेल तर घरच्यांनी थोडे कठोर व्हावे.

समुपदेशक, शाहूपुरी

करवीरकर, वातावरणाविषयी तुम्ही लिहिले ते मी रोज पाहते आणि निवासी उपचाराचे मोल मला पूर्ण मान्य आहे. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हे काम करत आहे आणि त्यांच्या पद्धतीत गटचर्चा, दिनक्रम, कुटुंबाचा सहभाग व नंतरचा पाठपुरावा यांना मोठे स्थान आहे. पण "कठोर" या शब्दापाशी मला थांबावे लागते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारूच्या व्यसनाशी निगडित मानसिक अवस्थाही येतात. ज्याची निर्णयक्षमता शाबूत आहे अशा प्रौढाला त्याच्या इच्छेविरुद्ध सहा महिने डांबून ठेवता येत नाही. गंभीर अवस्थेत आधारासह, म्हणजे रुग्णाच्या नेमलेल्या प्रतिनिधीच्या अर्जावरून, दाखल करायचे झाले तरी दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते आणि सुरुवातीची मुदत ३० दिवसांपर्यंतचीच असते. साखळीने बांधणे तर सरळ निषिद्ध आहे. ताई, केंद्र निवडताना त्याची नोंदणी आहे का, मनोविकारतज्ज्ञ प्रत्यक्ष येतात का, घरच्यांना भेटू देतात का, आणि बाहेर आल्यावर पाठपुरावा कोण करणार, हे विचारा. उत्तर द्यायला जे टाळाटाळ करतात तिथे माणूस ठेवू नका.

तुमचा भाऊ सध्या पीत नाही, घरी आहे आणि बोलायला तयार आहे. अशा वेळी बाह्यरुग्ण म्हणून गोळी व आठवड्याला समुपदेशन यांनी सुरुवात करणे मला योग्य वाटते. घसरण वारंवार झाली, घरात सतत दारू येत असेल किंवा सोबत गंभीर नैराश्य असेल तर निवासी उपचार जरूर घ्यावा. वहिनींच्या माळेविषयी म्हणाल, तर भावाची स्वतःची इच्छा असेल तर जरूर घाला. वारकऱ्यांची संगत मिळणे आणि आखाडीच्या जेवणाला "माझ्या गळ्यात माळ आहे" असे सांगता येणे हा फार मोठा आधार असतो. फक्त माळ घातली म्हणून गोळी बंद करू नका.

सभेतील एक सदस्य

मी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांना जातो, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो. ही संघटना १९३५ मध्ये अमेरिकेत दोन मद्यपींच्या भेटीतून सुरू झाली. सभेला फी नसते, नोंदवही नसते, आडनाव कोणी विचारत नाही. टेबलाभोवती खुर्च्या असतात, चहा येतो, आणि एकेक जण "मी अमुक, मी मद्यपी आहे" असे म्हणून स्वतःविषयीच बोलतो, दुसऱ्याला सल्ला देत नाही. तुमच्या भावाची जी संध्याकाळी सातची घालमेल आहे, नेमक्या त्याच वेळी बसायला एक जागा आणि फोन करायला एक माणूस मिळतो. पगाराच्या दिवशी माझा मार्गदर्शक, म्हणजे सभेतलाच एक जुना सदस्य, मला वर्कशॉपच्या दारातून घरापर्यंत सोबत करत असे. हे काम गोळी करू शकत नाही. आणि ताई, घरच्यांसाठी अल्-ॲनॉन नावाच्या वेगळ्या सभा असतात. तुम्ही आणि वहिनी त्यांची चौकशी जरूर करा, कारण त्याचे खिसे तपासत आणि तोंडाचा वास घेत जगण्याने तुम्हीही आजारी पडता.

धाकटी बहीण, राजारामपुरी

सर्वांचे मनापासून आभार. पूड फेकून दिली आणि काकूंना कारणही सांगितले. भावाला हे सारे वाचून दाखवले. त्याला डायसल्फिरॅमची भीती वाटते, नाल्ट्रेक्झोन चालेल असे तो म्हणतो. सभेत देवाचे नाव घ्यावे लागते का, हा त्याचा प्रश्न आहे. खर्चाची चिंता आहेच, कारण सध्या पगार बंद आहे. आणखी एक, त्याला रात्री झोप लागत नाही. ओळखीच्या मेडिकलमधून झोपेची गोळी आणावी का?

सभेतील एक सदस्य

दादांना सांगा, तिथे "आपल्याहून मोठी शक्ती" असे म्हणतात आणि ती कोणती हे ज्याचे त्याने ठरवायचे. आमच्यातले काही जण त्या जागी सभेलाच मानतात. एकदा नुसते येऊन ऐकले, काही बोलले नाही, तरी चालते.

समुपदेशक, शाहूपुरी

झोपेची गोळी आणू नका. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची सवय दारूइतकीच घट्ट बसते, आणि दारू सोडलेल्या माणसाला तर फार लवकर. पहिले काही आठवडे, कधी काही महिनेही, झोप उखडलेली राहते. दुपारी झोपू न देणे आणि संध्याकाळनंतर चहा बंद करणे यांनी फरक पडतो. त्याउपर डॉक्टरांना सांगा. मनाची उदासी तीन-चार आठवड्यांनंतरही हटली नाही तर त्यावर वेगळे उपचार लागतील. जगण्यात राम नाही अशी भाषा तो बोलू लागला तर थांबू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही चालू असतो.

खर्चासाठी सीपीआर हे सरकारी रुग्णालय, आपला थोरला दवाखाना, आहे. वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेला असल्याने तिथे मनोविकार विभाग आहे. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठीची १४४४६ ही मोफत मदतवाहिनीही आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कोणता ना कोणता उपचार मिळतो. तुमचा भाऊ त्या एकात आहे, ही संधी सोडू नका. गोळी किमान सहा महिने, बहुधा वर्षभर चालेल, असे धरून चला. कामावर जायला हरकत नाही. फक्त पहिले काही महिने पगार थेट वहिनींच्या खात्यावर जमा होईल असे त्याच्याच संमतीने मालकांना सांगता आले तर पाहा.

पुढच्या भेटीला जाताना डिस्चार्जचा कागद, यकृताच्या तपासणीचा अहवाल आणि सध्या चालू असलेल्या सर्व औषधांची पाकिटे न्या, आसव-अरिष्टांच्या बाटल्यांसकट. कोणती गोळी घ्यायची याविषयी डॉक्टरांशी भावाला स्वतःला बोलू द्या.

धाकटी बहीण, राजारामपुरी

सोमवारी सकाळी भाऊ, वहिनी आणि मी असे तिघे जात आहोत. आजीच्या कपाटात दशमूलारिष्टाची अर्धी बाटली सापडली, तीही पिशवीत ठेवली आहे. डॉक्टर काय म्हणाले ते इथेच कळवीन.