घोड्यांसाठी केलेली जुनी ट्रॅव्हलर घ्यावी की पिकअप?

वरातवाला_बारामती
नमस्कार मंडळी. आमच्याकडे दोन जनावरं, एक नुकरा (पांढरी) घोडी लग्नाच्या वरातीला आणि एक मारवाडी घोडा ६३ इंची, अजून अंगात मस्ती आहे. आत्तापर्यंत भाड्याने पिकअप सांगायचो पण लग्नसराईत एकतर गाडी मिळत नाही, मिळाली तर आधीच्या फेरीचा सडका कांदा तसाच आत पडलेला आणि ड्रायव्हर असा हाणतो की मागं जनावर उभं आहे हे त्याच्या गावीच नसतं. म्हणून आता स्वतःचीच घ्यायची म्हणतोय. एकाने जुनी फोर्स ट्रॅव्हलर दाखवलीय, सीटा काढून मध्ये पार्टिशन टाकलंय, मागे उतरायला फळी, पत्र्याला आतून फोम, वर एसी. साडेचार लाख म्हणतोय. दिसायला लई भारी. तेवढ्याच पैशात जुनी बोलेरो पिकअप येते पण पिंजरा करून घ्यावा लागेल. मार्गशीर्षात दत्तजयंतीला दोघांना सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला न्यायचंय, मनमाड मालेगाव धुळे करत अख्खी रात्र जाणार. काय करू?

पागेतला_तात्या
एसी-बिसी राहू दे, टेप घेऊन जा आधी. ६३ इंच म्हणजे खांद्यापर्यंत सव्वापाच फूट, मान वर केली की तोच घोडा सात फुटांच्या वर जातो. ट्रॅव्हलरचं छत माणसाला उभं राहायला केलेलं असतं, घोड्याला नाही. खड्ड्यात गाडी आदळली की टाळू पत्र्यावर. आणि एकदा आपटला ना की पुढच्या वेळी फळीवर पाय ठेवत नाही, मग चार माणसं आणि दोन तास. माझ्या एका घोड्याचं असंच झालंय, तो अजून कुठलीही बंद गाडी दिसली की बुजतो.

दुसरं म्हणजे फळी उचलून, मॅट काढून खालचा पत्रा बघ. घोड्याचं मूत पत्रा खाऊन टाकतं, वरून रंग मारला की काही कळत नाही. स्क्रू ड्रायव्हरने टोचायचं. विकणारा नाही म्हणाला तर तिथूनच परत फिर. पाय घसरू नये म्हणून गोठ्यातली जाड रबर मॅट आणि वर भुसा, नुसत्या चेकर प्लेटवर (नक्षीच्या लोखंडी पत्र्यावर) नालवाला घोडा बर्फावर उभा केल्यासारखाच.

कागदवाला
तात्यांचं बरोबर आहे पण माझ्या मते आधी आरसी बघा. प्रवासी गाडीच्या सीटा काढून जनावरं भरली म्हणजे ती जनावरांची गाडी होत नाही, आरटीओकडून बदल मंजूर करून आरसीवर चढवावा लागतो. तसं नसेल आणि उद्या काही झालं तर विमा कंपनी हात वर करणार. मोटार वाहन नियमांत घोड्यामागे २.२५ चौरस मीटर जागा आणि मध्ये कायमचं पार्टिशन सांगितलंय. १९७८ च्या जनावर वाहतूक नियमांप्रमाणे प्रवासाला फिट असल्याचा डॉक्टरांचा दाखलाही लागतो. वेग ताशी ३५ पेक्षा जास्त नको असंही त्यात आहे, आता धुळे हायवेला ३५ ने कोण चालवतं ते सोडा. बाजाराला नेताय तर ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी आधीच करून घ्या, ऐनवेळी धावपळ नको.

लीड्सकर_ताई
इकडे इंग्लंडमध्ये व्हॅनचे हॉर्सबॉक्स, म्हणजे घोडे न्यायच्या गाड्या, खूप चालतात, साडेतीन टनाचे, कारण साध्या कारच्या लायसनवर चालवता येतात. लेकीच्या पोनीसाठी आम्ही एक घेतला आणि पहिल्याच आठवड्यात वजनकाट्यावर नेला, तेव्हा डोळे उघडले. पार्टिशन, रॅम्प, रबर हे सगळं चढवल्यावर रिकामी गाडीच अडीच टनाच्या आसपास, म्हणजे उरलं टनभर. त्यात ५०० किलोचे दोन घोडे आले की खोगीर, पाणी आणि आपण स्वतः कुठे बसणार? जाहिरातीत मात्र बिनधास्त 'दोन घोड्यांची' लिहितात. दादा, तुम्हीपण रिकामी गाडी काट्यावर चढवून बघाच.

आणि रात्रभर मान उंच बांधून ठेवू नका हं. घोड्याला डोकं खाली घालून नाक साफ करता आलं नाही तर धूळ आत छातीत जाते आणि पोचल्यावर दोन दिवसांनी ताप भरतो. हवा खेळती पाहिजे, एसी बंद पडला तर ती गाडी म्हणजे डबाच.

वरातवाला_बारामती
आज जाऊन आलो. छत आतून सहा फुटाला कमी भरलं. आरसीवर अजून प्रवासीच आहे, 'नंतर करून देतो' म्हणाला. मॅट उचलू का विचारलं तर चिकटवलीय म्हणे. सोडून आलो, घरी बायको खूश, तिला तो रंगच आवडला नव्हता. आता पिकअपच बघतो पण दोघं शेजारी शेजारी राहतील का त्यात? घोडी माजावर आली की हा ऐकत नाही.

पागेतला_तात्या
शहाणा झालास. बोलेरोत दोघं नको, घोडी-घोडा असेल तर अजिबातच नको, रुंदीच पुरत नाही. पाय फाकवून तोल सांभाळायला जागा लागते त्याला. जुनी टाटा ४०७ शोध, दहा फुटी बॉडीची, मध्ये छातीएवढं लाकडी पार्टिशन, वर ताडपत्री, समोरून हवा. पैसे थोडे जास्त जातील. फळी लांब कर, आखूड फळी खडी होते आणि घोडा उडी मारतो. नाहीतर आमच्यासारखं कर, गाडी बांधाला लावायची, फळीच नको.