ग्रीन कार्डवाल्यांच्या नवरा-बायकोला रांगेत उभं करायचं का? (माझं मत: नाही, मग भावंडांचा कोटा गेला तरी चालेल)

कृष्णाकाठ:
मंडळी, वैतागून लिहितोय, शब्द इकडेतिकडे झाले तर सांभाळून घ्या. मी सांगलीत, बायको न्यू जर्सीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये लग्न झालं. ती ग्रीन कार्डवाली, अजून सिटिझन नाही. मार्चमध्ये तिने माझा अर्ज टाकला तेव्हा आमची कॅटेगरी, एफ-२ए, म्हणजे ग्रीन कार्डवाल्यांचे नवरा-बायको आणि लहान मुलं, ही २०१९ च्या जुलैपासून करंट होती, म्हणजे रांगच नाही, कागदपत्रांना लागेल तेवढाच वेळ. एप्रिलचं व्हिसा बुलेटिन (कुठल्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला ते दर महिन्याला सांगणारं अमेरिकन सरकारचं पत्रक) आलं आणि तारीख धाडकन सप्टेंबर २०२० वर! मी उभा राहिलो आणि माझ्या पुढे अडीच वर्षांची रांग तयार झाली. तेव्हापासून दर महिन्याला बुलेटिन बघतो, पावसाळ्यात आमच्याकडे लोक आयर्विन पुलाची पातळी बघतात तसं.

व्हिजिटर व्हिसावर जाऊन महिनाभर राहून येऊ म्हटलं तर खिडकीपलीकडच्या बाईंनी विचारलं बायको कुठे असते, मी खरं ते सांगितलं, दोन मिनिटांत २१४-बी ची, म्हणजे हा परत येईल याची खात्री नाही म्हणून नकाराची, चिठ्ठी हातात. तिकडे कायमचं जायचंय असं मीच अर्जात लिहून दिलेलं, मग फिरायला चाललोय यावर कोण विश्वास ठेवणार. बरं तिने इकडे येऊन राहावं तर सलग सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिली की सिटिझनशिपची पाच वर्षं गोत्यात. २०२३ ला अधिक महिना आला, माझा पहिलाच धोंडा, सासूबाईंनी तिकडून व्हिडीओ कॉलवर तेहेतीस अनारशांचं ताट दाखवलं. जावयाने बघितलं, सासऱ्यांनी खाल्लं.

डोकं कशाने फिरतं माहितीये का? माझा मित्र एच-१बी वर आहे, टेम्पररी कामगार, त्याची बायको लग्नानंतर तीन महिन्यांत एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्यांच्या बायकामुलांच्या व्हिसावर, गेलीसुद्धा. सिटिझनच्या बायकोला तर कोटाच नाही. मधल्या मधे ज्याला तुम्ही कायमचा रहिवासी म्हणता त्यालाच बायको-नवऱ्यासाठी थांबायला लावता.

आता नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत निवडणूक आहे, रोज टीव्हीवर इमिग्रेशन इमिग्रेशन चाललंय आणि दोन्ही बाजूंना बॉर्डरशिवाय दुसरं काही दिसत नाही. २०१३ च्या सिनेट बिलात ही गोष्ट चोख होती, नवरा-बायको आणि मुलं कोट्याच्या बाहेर, त्या बदल्यात भावाबहिणीची कॅटेगरी बंद. ६८ विरुद्ध ३२ ने पास झालं आणि खालच्या सभागृहाने ते चर्चेलासुद्धा घेतलं नाही. माझं म्हणणं तोच सौदा परत करा. भाऊबहीण वेगवेगळ्या देशात राहिले म्हणून संसार अडत नाही, नवरा-बायको राहिले तर अडतो. बोला.

फटकळ:
बोलतो. देश त्यांचा, दार त्यांचं, कडी त्यांची. लग्न करताना मुलगी ग्रीन कार्डवर आहे हे माहीत होतं ना? मग आता रडायचं कशाला? आणि आपण तरी काय मोठे उदार? भारतीयाशी लग्न केलेल्या परदेशी माणसाला नागरिकत्वाचा अर्ज करायच्या आधी सात वर्षं इथे राहावं लागतं. ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिकाला भारतात राहायची मुभा देणारं कार्ड, हवं तर लग्नाला दोन वर्षं पूर्ण झालेली लागतात. परवापर्यंत ठाण्यात बाहेरचे किती वाढले म्हणून गळा काढणारे लोक आज अमेरिकेने दार सताड उघडं ठेवावं म्हणतायत, मजा वाटते.

कृष्णाकाठ:
@फटकळ ती दोन वर्षं आणि सात वर्षं तो माणूस असतो कुठे? इथेच, एंट्री व्हिसावर, बायकोच्या घरी. आधी एकत्र राहा, कागद नंतर. मी नागरिकत्व मागतच नाहीये हो, मी एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये बायकोसोबत राहायचं म्हणतोय. आणि ठाण्याचं मी कधी काही बोललो नाही, ते ज्यांचं असेल त्यांना सांगा.

शंकेखोर:
एक बेसिक प्रश्न. तिचं कार्ड यायच्या आधी लग्न उरकून का नाही घेतलं? आमच्या ओळखीत दोघातिघांनी तसंच केलं, रजिस्टर आधी, हॉल नंतर.

कृष्णाकाठ:
ते ज्याचं कार्ड स्वतःच्या नोकरीवर येतं त्याला जमतं. ही आईवडिलांच्या अर्जात मुलगी म्हणून होती, त्यात अविवाहित आणि एकविसाच्या आत असावंच लागतं. लग्न केलं असतं तर तिचंच कार्ड गेलं असतं. एकवीस पूर्ण व्हायच्या काही महिने आधी तिचा अर्ज आत गेला म्हणून वाचली ती.

निवृत्त_मास्तर:
कृष्णाकाठ, तुमचं दुःख कळतं. पण ते "भावंडांचा कोटा गेला तरी चालेल" फार सहज लिहून गेलात, म्हणून मी त्या कोट्यातला एक माणूस तुमच्यापुढे उभा राहतो.

माझी ताई शिकागोत. तिने नोव्हेंबर २००५ मध्ये माझा अर्ज भरला. एफ-४, म्हणजे सिटिझनच्या भावंडांची कॅटेगरी, वर्षाला सगळ्या जगाला मिळून ६५ हजार. तेव्हा मी शाळेत होतो, म्हणजे शिकवायला, मुलगा १२ चा, मुलगी ९ ची. वाटलं दहा वर्षं लागतील, मुलं तिकडे कॉलेज करतील. २००७ ला बुशसाहेबांच्या काळात सुधारणा बिल आलं त्यात भावंडं बंद, गुण मोजून माणसं घ्यायची, ते पडलं. २०१३ ला परत तेच. तुम्ही ज्याला सौदा म्हणता तो पास होऊ नये म्हणून मी शपथेवर सांगतो गणपतीपुढे हात जोडलेत. आमची तारीख यंदा, २०२४ मध्ये आली, अठरा वर्षांनी. मुलगा ३० चा, मुलगी २७ ची, दोघंही अर्जातून बाद. आता आम्ही दोघं म्हातारे तिकडे जायचं आणि मुलं इकडे सोडायची, की ताईला सांगायचं की नको येत? तिचं वय ७१, मेहुणे गेले, ती एकटी असते. संसार फक्त नवरा-बायकोचा असतो असं तुमच्या वयात मलाही वाटायचं.

शंकेखोर:
सर, सीएसपीए मध्ये, म्हणजे मुलांचं वय कसं धरायचं त्या अमेरिकन कायद्यात, अर्ज जितकी वर्षं त्यांच्या टेबलावर पडून होता तितकी मुलांच्या वयातून वजा करतात, ते बघितलंत का?

निवृत्त_मास्तर:
बघितलं. वजा करूनही धाकटी दीड वर्षाने हुकली. थोरल्याचा तर प्रश्नच नव्हता.

फटकळ:
मास्तर, राग मानू नका, पण तुमचीच गोष्ट माझा मुद्दा सिद्ध करते. अठरा वर्षं लागणारी सोय ही सोयच नाही, नुसतं गाजर आहे. ते बंद केलं असतं तर २००७ सालीच तुम्ही मोकळे झाला असता, मुलांचं शिक्षण, घर, सगळं इथलं धरून ठरवलं असतं. खोट्या आशेपेक्षा स्पष्ट नकार बरा.

निवृत्त_मास्तर:
मुलांचं सगळं इथलं धरूनच केलं हो, कोणी अठरा वर्षं पाट मांडून बसलं नव्हतं. पण आशा कोणाची खोटी ते दुसऱ्याने ठरवू नये.

डॅलसची_वहिनी:
कृष्णाकाठ भाऊ, ते एच-४ चं सुख जरा मला विचारून लिहायचं होतंस. आले मी लगेच, बरोबर आहे. २०१५ पर्यंत एच-४ वर कामच करता येत नव्हतं, बी.ई. केलेली बाई घरात बसून डब्यांना लेबलं लावत होते. नंतर ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, मिळालं. मग मार्च २०२० मध्ये पासपोर्टवर नवीन व्हिसा स्टॅम्पिंगसाठी नाशिकला आले, कोविडमुळे सगळं बंद, जूनमध्ये ट्रम्पने एच व्हिसे थांबवायचा हुकूम काढला तो पुढच्या मार्चपर्यंत. मुलगी डॅलसमध्ये बाबांजवळ, मी नाशकात, वर्षाच्या वर! तिची पहिली पाळी मी फोनवर निभावली. तेव्हा टेम्पररीवाल्यांचं बरं असतं हे कृपया नको.

आणि नवऱ्याची पीडी, म्हणजे रांगेतली तारीख, २०१४ ची आहे, ईबी-२ ची (नोकरीवाल्यांची एक कॅटेगरी) भारताची तारीख २०२४ मध्येही २०१२ पाशीच रेंगाळतेय. मुलगी आता १७ ची. वर्षाला नोकरीवाल्यांची १ लाख ४० हजार कार्डं, त्यात आम्ही बायकापोरंही मोजले जातो, आणि कुठल्याही एका देशाला ७ टक्क्यांच्या वर नाही, मग तो भारत असो की आइसलँड. ते ७ टक्के काढायचं बिल २०१९ ला खालच्या सभागृहात ३६५ विरुद्ध ६५ ने पास झालं, २०२० च्या डिसेंबरात सिनेटने स्वतःचं वेगळं पास केलं, दोघांचा मेळ बसायच्या आत मुदत संपली. माझं मत विचारशील तर आधी मुलांची एकविशीची अट काढा, बाकी सगळं नंतर. नवरा थांबू शकतो, मुलीचं वय थांबत नाही.

कृष्णाकाठ:
वहिनी, चुकलो. एच-४ बद्दलचं वाक्य मागे घेतो. बाकी मत तेच आहे, पण "नवरा थांबू शकतो" हे तुम्ही सहज लिहिलंत हे पण लक्षात घ्या, जसं मी मास्तरांचं सहज लिहिलं.

जयगडकर:
तुम्ही सगळे रांगेचं बोलताय, आमच्याकडे रांगच नाही. मी दुबईला १९ वर्षं. तिकडे फॅमिली न्यायची तर पगार बघतात, ४ हजार दिरहम, किंवा ३ हजार आणि राहायची जागा. माझा पगार तिथे पोचेपर्यंत पोरगी दहावीला गेली, मग कशाला हलवायची. ग्रीन कार्डबिर्ड भानगडच नाही, नोकरी संपली की परत. आमचा आजा गिरणीत होता, खाणावळीत जेवायचा, आजी गावाला. त्यांनी कुठे धागे काढले? नशीब म्हणून गप्प बसायचे.

डॅलसची_वहिनी:
गप्प बसले नाहीत हो जयगडकर, आजी काय बोलायची ते कोणी लिहून ठेवलं नाही इतकंच.

कृष्णाकाठ:
आणि तुमचा आजोबा शिमग्याला, गणपतीला घरी यायचा ना? चाकरमान्याला एसटीत चढताना कोणी विचारत नव्हतं की गावाला बायको आहे का, असेल तर उतर खाली. माझा नेमका तिथेच घोळ आहे. बायको आहे म्हणूनच मला महिनाभरासुद्धा जाता येत नाही.

जयगडकर:
हे मात्र खरं. आमच्या आजाला कोण अडवणार, तो गणपतीत पगार बुडवून यायचा.

निवृत्त_मास्तर:
एक गोष्ट राहिली. यंदा, फेब्रुवारी २०२४ मध्ये, जे बॉर्डर बिल सिनेटमध्ये आडवं झालं, ४९ विरुद्ध ५०, त्यात पाच वर्षं दर वर्षी ५० हजार व्हिसे जादा होते, पैकी ३२ हजार कुटुंबांचे. म्हणजे कोणाचं काढून कोणाला द्यायची गरज नव्हती. त्या बिलाबद्दल महिनाभर चर्चा ऐकली, या ३२ हजारांचं नाव मी एकदाही ऐकलं नाही. तुम्ही माझ्या ६५ हजारांवर डोळा ठेवलात, मी तुमच्यावर चिडलो, आणि ज्यांनी द्यायचं ते नामानिराळे.

कृष्णाकाठ:
सर, हे मला माहीत होतं आणि मुद्दाम लिहिलं नाही, कारण जादा देतील यावर माझा विश्वास नाही. एका ताटातलं दुसऱ्या ताटात करणं तेवढं जमेल असं वाटतं. तुमचं ताट आहे हे वाचून बरं वाटत नाहीये, पण मत बदललं असं खोटं नाही सांगणार.

फटकळ:
माझंही बदललं नाही. नियम त्यांचे, अपेक्षा ठेवू नका. पण नियमातलंच एक सांगून ठेवतो, कामाला येईल. पाच वर्षं पूर्ण व्हायच्या ९० दिवस आधी सिटिझनशिपचा अर्ज टाकता येतो, बरेच जण उगाच पाच वर्षं पूर्ण व्हायची वाट बघतात. ती सिटिझन झाली की तुझी रांगच संपली. तिच्या कार्डावरची तारीख बघ आणि तीन महिने मागे मोज.

कृष्णाकाठ:
मोजलेत. ऑगस्ट २०२२ चं कार्ड, म्हणजे मे २०२७. तिच्या फ्रिजवर एक चिठ्ठी आहे, माझ्या आईच्या देवघराच्या कपाटावर एक.