वडिलांच्या जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणताना 'गुऱ्हाळ'चं 'गुर्हाळ' होतंय

करवीरची_लेक

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय अडचण कळणार नाही.

माझे वडील पोस्टमन होते. करवीर तालुक्यातल्या पाच-सहा गावांचं टपाल सायकलवरून वाटायचे. उसाचा हंगाम सुरू झाला की वाटेवरच्या गुऱ्हाळांवर थांबायचे, पेलाभर रस घ्यायचे आणि तिथल्या माणसांच्या तोंडचे शब्द खिशातल्या छोट्या डायरीत टिपायचे. काहील, चुलवाण, चिपाड, आधण, मळी, काकवी, वाफा, रवा. रस उकळायच्या मोठ्या कढईला कुठल्या गावात 'काहील' म्हणतात आणि कुठल्या गावात 'काईल', तेही गावाच्या नावासकट लिहिलेलं आहे. २००३ साली निवृत्त झाल्यावर त्यांनी डायऱ्या नीट लावल्या आणि शहरातल्या एका डीटीपीच्या दुकानात टाइप करायला दिल्या. पेन्शनीतून जमेल तशी महिन्याला थोडी थोडी पानं, २००८ पर्यंत. एकूण ४६ फाइली झाल्या, अकराशेच्या आसपास शब्द. त्यांना याचं पुस्तक करायचं होतं, ते राहून गेलं. २०१६ मध्ये ते गेले.

फाइली एका सीडीवर होत्या. नव्या लॅपटॉपवर उघडल्या तर पानभर इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं आणि डोक्यावर टोपी घातलेले ए आणि ओ. भावाने माळ्यावरून जुना सीपीयू काढला. तो चालू झाला हेच मोठं. त्यात तो फॉन्ट सापडला, माझ्याकडे घातला आणि पहिल्यांदा बाबांचं लिखाण स्क्रीनवर वाचता आलं. पण ते फक्त माझ्या लॅपटॉपवर. बहिणीला व्हॉट्सॲपवर एक पान पाठवलं तर तिला परत ती टोपीवाली अक्षरंच. एखादा शब्द शोधायचा म्हटलं तर तेही जमत नाही.

म्हणून जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर वाचता येईल अशा मराठीत, बदलणारा कन्व्हर्टर वापरला. निम्म्या फाइली एकातून काढल्या, त्यात चुका दिसल्या म्हणून उरलेल्या दुसऱ्यातून. पहिल्याने सगळीकडे 'गुर्हाळ', 'कुर्हाड', 'चर्हाट', 'सर्या' असं करून ठेवलंय. दुसऱ्याने 'गुऱ्हाळ' बरोबर दाखवलंय, पण मी फोनवर टाइप करून शोधते तेव्हा ते सापडतच नाही. डोळ्यांना दोन्ही अगदी सारखे दिसतात! तिसरी गोष्ट, जुन्या फॉन्टमध्येच एक शब्द दुरुस्त करायला गेले तर वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप बदलून भलतंच झालं. आणि एका फाइलीची सीडीवर नुसती नाव-खूण आहे, ती उघडतच नाही. तिची छापील ३१ पानं मात्र घरात आहेत.

मला कॉम्प्युटरचं फार कळत नाही. मी प्राथमिक शाळेत शिकवते. सगळं हाताने पुन्हा टाइप करायची तयारी आहे, पण त्याआधी विचारावं म्हटलं. 'गुर्हाळ' असं बाबांच्या नावावर मला राहू द्यायचं नाही.

खिळे_ते_लेझर

ताई, पहिलं काम: तो सीपीयू टाकू नका, भंगारात तर मुळीच देऊ नका. आतल्या हार्डडिस्कची आख्खी नक्कल काढून घ्या. डीटीपीत माझी बावीस वर्षं गेली, इचलकरंजीत. अशी कामं घेऊन लोक येतात तेव्हा बहुतेकांकडे फाइल असते, पण फॉन्ट कधीच हरवलेला असतो. तुमच्याकडे दोन्ही आहेत.

आता हे होतं कशामुळे ते सांगतो, म्हणजे चूक कुठे शोधायची ते कळेल. त्या जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरं खरी नव्हतीच. इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले होते: अर्धा क, काना, वेलांटी, रफार, प्रत्येक तुकडा वेगळा. फाइलीत आजही तीच इंग्रजी अक्षरं आहेत, फॉन्ट फक्त त्यांना मराठी कपडे घालतो. प्रत्येक कंपनीने तुकडे आपापल्या मनाने बसवले, त्यामुळे एका फॉन्टचा कन्व्हर्टर दुसऱ्याला चालत नाही. कधी कधी एकाच कंपनीच्या दोन फॉन्टांतही फरक असतो. फाइलीतल्या फॉन्टचं पूर्ण नाव बघा, शेवटच्या आकड्यासकट, आणि कन्व्हर्टरच्या यादीत नेमकं तेच नाव निवडा.

शिवाय आम्ही टाइप करायचो ते दिसतं त्या क्रमाने. 'चिपाड' लिहिताना आधी वेलांटी, मग च. युनिकोडमध्ये आधी च, मग वेलांटी. रफाराचं उलट: आम्ही तो अक्षरानंतर ठोकायचो, युनिकोडमध्ये र आधी येतो. कन्व्हर्टरला हे सगळे तुकडे उचलून जागेवर ठेवावे लागतात. जोडाक्षरावर वेलांटी आली की हमखास गडबड होते. म्हणून 'स्थि', 'ष्टि', 'र्मि' असले शब्द आधी तपासा.

वाक्याचं पहिलं अक्षर बदलतं ते ऑटोकरेक्टमुळे. त्याला वाटतं इंग्रजी वाक्य सुरू झालं, म्हणून तो कॅपिटल करतो. जुन्या फॉन्टात छोटा एस आणि मोठा एस म्हणजे दोन वेगळी मराठी अक्षरं. अवतरणचिन्हांचंही तसंच, सरळ चिन्हाचं वाकडं केलं की त्या जागी दुसरंच अक्षर येतं. ऑटोकरेक्टमधल्या सगळ्या खुणा काढून टाका. त्याहून बरं म्हणजे मूळ फाइलीला हातच लावू नका. तिची प्रत काढा, प्रत युनिकोडमध्ये न्या आणि दुरुस्त्या तिच्यात करा.

निपाणीकर

एवढा खटाटोप कशाला? सगळ्या पानांचे फोटो काढून गूगल ड्राइव्हवर चढवा आणि गूगल डॉक्समध्ये उघडा. मराठी मजकूर आपोआप सुटा होऊन येतो. मी आजोबांची खरेदीखतं अशीच केली.

करवीरची_लेक

@निपाणीकर, त्या ३१ पानांवर लगेच करून पाहिलं. खरंच येतं, आणि माझ्या टायपिंगपेक्षा कितीतरी लवकर. मनापासून आभार. पण 'घाणा' जिथे जिथे आहे तिथे बऱ्याचदा 'धाणा' झालाय, भ आणि म यांचीही अदलाबदल आहे. गुऱ्हाळाच्या शब्दांत घाणाच चुकला तर काय उरलं! म्हणून फाइली शाबूत आहेत तिथे फाइलीच वापरणार, आणि ही ३१ पानं ओळ न् ओळ छापील कागदाशी ताडून घेणार.

@खिळे_ते_लेझर दादा, फॉन्टच्या नावात शेवटी आकडा होता आणि मी यादीतला आकडा नसलेला निवडला होता. नीट निवडल्यावर वेलांट्या जवळजवळ सगळ्या जागेवर बसल्या. गुऱ्हाळाचं मात्र तसंच आहे.

शुद्धिपत्र

मी मुद्रितशोधनाचं काम करते, पुण्यात. तुमच्या शेवटच्या ओळीसाठीच लिहायला बसले.

'गुऱ्हाळ'मधला हा र तीन तऱ्हांनी लिहिला जातो. पहिली, नुसता र, हलन्त आणि ह. यातून रफार होतो, म्हणजे 'गुर्हाळ', आणि ते चूक. दुसरी, र, हलन्त, त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह आणि मग ह. याला झीरो विड्थ जॉइनर म्हणतात. ते कागदावर दिसत नाही, जागाही घेत नाही. तिसरी, खाली टिंब असलेला ऱ, हलन्त आणि ह. दुसऱ्या-तिसऱ्याचं रूप डोळ्यांना एकच दिसतं, पण आत अक्षरं वेगळी. तुमचा फोन तिसऱ्या तऱ्हेने लिहीत असणार आणि कन्व्हर्टरने दुसऱ्या तऱ्हेने लिहिलंय, म्हणून शोध लागत नाही. सगळं तिसऱ्या तऱ्हेवर आणा.

त्यासाठी युनिकोड झालेला मजकूर नोटपॅड प्लस प्लसमध्ये चिकटवा. हे फुकट मिळतं आणि अक्षरं जशी आहेत तशीच शोधतं. दुसऱ्या कन्व्हर्टरच्या फाइलीतून तो अर्धा र न दिसणाऱ्या चिन्हासकट कॉपी करून शोधायच्या चौकटीत चिकटवा, बदलायच्या चौकटीत ऱ आणि हलन्त. दुसरी तऱ्हा एका झटक्यात संपेल.

पहिल्या तऱ्हेसाठी 'र्ह' शोधा. मराठी बोलीतल्या शब्दांत इथे जवळजवळ नेहमी ऱ्हच लागतो: कुऱ्हाड, चऱ्हाट, पऱ्हाटी, बिऱ्हाड. 'अर्हता', 'गर्हणीय' असे संस्कृत शब्द तेवढे वगळा, तुमच्या संग्रहात ते फारसे नसतीलच.

'र्य'ला मात्र सरसकट बदल करू नका, हात जोडून सांगते! कार्य, सूर्य, पर्याय, मर्यादा यांत खरा रफार आहे. शब्द मुळात रा, री, रं, रू यांनी संपणारा असेल आणि त्याचं अनेकवचन किंवा विभक्तीचं रूप झालं असेल तर ऱ्य: सरी–सऱ्या, शेतकरी–शेतकऱ्याला, वारा–वाऱ्याने, कोरं–कोऱ्या. आचारी असेल तर आचाऱ्याला, आचार्य असतील तर आचार्यांना. 'र्य' शोधताना 'फाइंड ऑल' दाबलं की खाली सगळ्या ओळींची यादी येते. एकेक ओळ वाचत जा, ओळीवर दोनदा क्लिक केलं की थेट तिथे पोहोचता. अकराशे शब्दांना दोन-तीन संध्याकाळी पुरतील.

असंच दुहेरी प्रकरण 'ॲ'चं आहे. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःची जागा २००८ मध्ये मिळाली. त्याआधी लोक अ लिहून वर चंद्र देत. दिसायला दोन्ही सारखेच, पण शोधताना वेगळे.

ऊसफड

फोनवरून दुरुस्त्या करणार असाल तर जीबोर्डमध्ये 'मजकूर सुधारणा'त जाऊन आपोआप सुधारणा बंद करा. माझं 'चुलवाण' दर वेळी बदलायचं. बदललंच तर लगेच एकदा बॅकस्पेस दाबा, तुम्ही लिहिलेला शब्द परत येतो. आणि नेहमी लागणारे शब्द वैयक्तिक शब्दकोशात घालून ठेवा. लॅपटॉपवर इन्स्क्रिप्ट, म्हणजे मराठी टायपिंगचा तो कीबोर्ड, असेल तर शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ येतो, मग डी म्हणजे हलन्त, यू म्हणजे ह.

आमच्याही घरचं गुऱ्हाळ होतं, २०११ पर्यंत. संग्रह पूर्ण झाला की वाचायला द्या.

करवीरची_लेक

बारा दिवसांनी लिहितेय, शाळेच्या परीक्षा होत्या.

सगळ्या फाइली झाल्या. शुद्धिपत्र ताई, न दिसणाऱ्या चिन्हाची युक्ती चालली. 'बदला' दाबलं आणि खाली आकडा आला: ३१२ ठिकाणी बदल. 'र्य' मात्र तुम्ही म्हणालात तसे एकेक बसून पाहिले. बाबांनी एका नोंदीत 'सऱ्या सोडणे' आणि 'सरी-वरंबा' यांतला फरक अर्धं पान भरून लिहिलाय, तिथे कन्व्हर्टरने अकरा वेळा 'सर्या' केलं होतं. ते अकराही मी शिफ्ट आणि जे दाबून हाताने लिहिले. बदलाची आज्ञा देऊन झालं असतं, पण तिथे मला हातानेच करायचं होतं.

काल रात्री बहिणीने तिच्या फोनवर 'गुऱ्हाळ' लिहून शोधलं आणि पहिल्याच फटक्यात सापडलं. तिने मला फोन केला आणि भेंडीची नोंद मोठ्याने वाचून दाखवली. भेंडीची झाडं कुटून पाण्यात चोळायची, तो चिकट रस काहिलीत घातला की मळी वर येते, मग ती झाऱ्याने काढायची. बाबांचं वाक्य असं आहे: 'मळी काढायची घाई केली तर गूळ काळा, उशीर केला तर मळी पुन्हा रसात.' हे आम्ही दोघींनीही आधी कधी वाचलेलं नव्हतं.

सीपीयू परत माळ्यावर ठेवलेला नाही. हार्डडिस्कची नक्कल भावाने दोन ठिकाणी करून ठेवलीय.

एक गोष्ट राहिली. क्रमांक ३८ च्या फाइलीत एका शब्दाच्या जागी पहिली दोन अक्षरं नुसते चौकोन आहेत आणि शेवटी 'णं' उरलंय. जुन्या कॉम्प्युटरवरही तसंच दिसतं, म्हणजे दुकानात टाइप होतानाच काहीतरी झालं असणार. त्या डायरीचं ते पान पावसात भिजून गेलंय. अर्थ मात्र नीट आहे: 'वाफ्यात ओतलेला गूळ गार होत आला की कडेचा खरवडून मध्ये ओढायचं हत्यार, लाकडी दांड्याचं.' @ऊसफड, तुमच्या घरचं गुऱ्हाळ होतं म्हणालात. तुमच्याकडे या हत्याराला काय म्हणायचे? घरात कुणी जुनं माणूस असेल तर त्यांना विचाराल का? गावाचं नावही सांगा, बाबांच्या पद्धतीने शब्दापुढे ते लिहायचं आहे.